असू दे, लागेल कधीतरी

चार्ल्स डार्विनने एकदा जिवंत भुंगेरा तोंडात टाकला होता. ही कुणी उठवलेली कंडी नाही, त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. केंब्रिजला असताना (घरच्यांच्या समजुतीप्रमाणे पाद्री होण्यासाठी आणि त्याच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे भुंगेरे पकडण्यासाठी) तो एका झाडाची वाळकी साल सोलत होता. सालीखाली दोन दुर्मीळ भुंगेरे निघाले. एक या हातात घेतला, एक त्या हातात. तेवढ्यात तिसरा दिसला, आणि तोही निराळ्याच जातीचा! भुंगेरे तीन, हात दोन. भाजीच्या पिशव्यांनी दोन्ही हात अडकले की आपण दाराची किल्ली जशी दातांत धरतो, तसा डार्विनने उजव्या हातातला भुंगेरा तोंडात टाकला. किल्ली निमूट राहते, भुंगेरा राहत नाही. त्याने असा काही जळजळीत रस सोडला की डार्विनची जीभ पोळली, तोंडातला थुंकून द्यावा लागला आणि त्या गडबडीत तिसराही पसार झाला.

डार्विनच्या बुद्धीबद्दल मला आदर पहिल्यापासून होता. हा किस्सा वाचल्यापासून माणसाबद्दल जिव्हाळा वाटायला लागला.

पुढे हा मुलगा ‘बीगल’ जहाजावर चढला आणि १८३२ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बाहिया ब्लांका इथे उतरला. वय वर्षं तेवीस. तिथे त्याला कधीच नामशेष झालेल्या अजस्र प्राण्यांची हाडं मिळाली, त्यांचा गाजावाजा झाला, पुस्तकांत चित्रं आली. त्याच ठिकाणी त्या साली त्याने एक भुंगेराही धरला (या खेपेला बहुधा हाताने). त्याची दखल घ्यायला मात्र २०१४ साल उजाडावं लागलं. मधली १८२ वर्षं भुंगेरा टाचणीवर उभा होता. आपल्याकडे दिवाणी दावा दाखल केलेल्या माणसाला ही मुदत फारशी अवास्तव वाटणार नाही. बाकीच्यांना थोडं समजावून सांगायला हवं.

आधी भुंगेरा कशाला म्हणायचं ते. कवितेत कमळात अडकतो तो भुंगा, तो हा नव्हे. तो मधमाशीच्या नात्यातला, गाणारा, प्रेमात पडणारा. भुंगेऱ्याचं तसं काही नाही. त्याच्या पंखांची वरची जोडी कडक होऊन तिची पेटीच्या झाकणासारखी दोन झाकणं झालेली असतात, आणि उडायचे खरे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. काजवा हा भुंगेरा. नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा, नावात भुंगा असला तरी भुंगेराच. तांदळातले सोंडे, हरभऱ्याला लागतात ते भुंगे, हेही तेच. म्हणजे ज्याला आपण ‘डाळीत किडे झालेत’ म्हणून उन्हात पसरतो, ते प्राणिसृष्टीतलं सर्वांत मोठं घराणं आहे. नाव मिळालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे चार लाख आहेत. आजवर जेवढ्या प्राण्यांना नावं दिली गेली त्यांतला जवळजवळ दर चौथा भुंगेरा. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाला कुणीतरी विचारलं, की सृष्टीचा एवढा अभ्यास केलात, त्यातून निर्मात्याविषयी काय कळलं? त्याला भुंगेऱ्यांचं अतोनात वेड असावं, असं ते म्हणाल्याचं सांगतात. हाल्डेन पुढे भारतात येऊन इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पहिल्या पावसानंतरच्या एखाद्या रात्री आपल्याकडच्या ट्यूबलाइटखाली ते जेवायला बसले असतील, तर त्यांचं मत आणखी पक्कं झालं असणार.

तर डार्विनचा हा भुंगेरा. डोकं आणि छाती झगझगीत निळसर-हिरवी, पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखी. पंखांची झाकणं मात्र आखूड. त्याच्या अख्ख्या कुळाचीच ती तऱ्हा: मापात चुकलेली बंडी घालून मंडळी हिंडत असतात आणि अर्धं पोट उघडं. असा हा गृहस्थ इंग्लंडात पोचला आणि कालांतराने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या एका पेटीत जाऊन बसला. मग हळूहळू सगळे त्याला विसरले.

संग्रहालयात वस्तू हरवते म्हणजे काय, हे ज्याच्या घरी माळा आहे त्याला सांगायला नको. आमच्या माळ्यावर पितळी बंब आहे, एक व्हीसीआर आहे, मिक्सर गेल्यावर उरलेलं मिक्सरचं झाकण आहे, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे ज्यात बिस्किटं सोडून सर्व काही आहे. यातलं काहीही टाकायला काढलं की आई म्हणायची, “असू दे, लागेल कधीतरी.” लहानपणी मला हा चिक्कूपणा वाटे. आता कळतं, की हे एक वाक्य जगातल्या प्रत्येक नैसर्गिक संग्रहालयाच्या दारावर कोरायला हरकत नाही. तिथेही असाच बिस्किटांचा डबा असतो. त्याला ते ‘न लावलेला संग्रह’ म्हणतात, एवढंच. ज्यांची ओळख पटली ते आपापल्या खणात, रांगेत. ज्यांची नाही पटली ते एका पेटीत, ‘नंतर बघू’ या सदराखाली. हे ‘नंतर’ सरासरी किती लांबतं तेही मोजून झालंय: २०१२ मध्ये तिघा फ्रेंच संशोधकांनी हिशेब मांडला, की नवी जात पहिल्यांदा पकडली जाते त्यापासून तिला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. म्हणजे बारसं आणि लग्न एकाच मांडवात उरकता येईल.

अशी एक पेटी अमेरिकेत गेली. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा इथल्या विद्यापीठात स्टायलियानोस चॅट्झिमानोलिस नावाचे प्राध्यापक आहेत. आखूड बंडीवाल्या कुळाचे ते जाणकार. एवढं लांब नाव असलेल्या माणसाने इतरांना नावं देण्याचा व्यवसाय पत्करावा, यात मला थोडा सूड दिसतो. त्यांनी लंडनहून अभ्यासासाठी भुंगेरे मागवले. हो, मागवता येतात. संग्रहालयं एकमेकांना आणि अभ्यासकांना भुंगेरे उसने देतात, खोक्यात खोकं घालून, कापसात गुंडाळून, टपालाने. आमच्या पेठेतलं वाचनालय मला अनामत घेऊनसुद्धा दिवाळी अंक दोन दिवसांच्या वर देत नाही, आणि इथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा ऐवज समुद्रापार उसना जातो. त्या खोक्यात हा निघाला. मिशांची ठेवण वेगळी, रंग वेगळा, ओळखीच्या कुठल्याच घरात बसेना. आणि खालच्या चिठ्ठीवरून कळलं, की पकडणारा डार्विन.

या चिठ्ठीविषयी जरा थांबून बोललं पाहिजे, कारण सगळी मौज चिठ्ठीत आहे.

भुंगेरा टाचणीला टोचतात तो पाठीवर मधोमध नव्हे. उजव्या झाकणातून टोचायचा, जगभर उजव्याच. कुठलाही देश, कुठलाही धर्म, कुठलाही पक्ष. मानवजातीचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं मला ठाऊक नाही. मग त्याच टाचणीत, भुंगेऱ्याच्या पायाखाली, एकाखाली एक चिठ्ठ्या. पहिलीवर कुठे, कधी, कुणी पकडला. पुढचीवर अमक्याने तमक्या साली याला अमुक जात ठरवलं. त्याखाली दुसऱ्याची चिठ्ठी: नाही, ही ती जात नव्हे, ही ढमकी. त्याखाली तिसऱ्याची: दोघेही चुकले. नियम असा, की आधीची चिठ्ठी काढायची नाही. ती चूक असो, हास्यास्पद असो, शत्रूच्या हातची असो. तिला हात न लावता आपली चिठ्ठी तिच्याखाली टोचायची. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे थेट तलाठ्याचं दप्तर उभं राहिलं. हा सातबारा आणि त्याखालचे फेरफारच की! मूळ मालक, मग वारस, मग बहिणीचं हक्कसोडपत्र, मग हरकत. भुंगेरा स्वतः तांदळाएवढा आणि खाली त्याच्या हक्काची कागदपत्रं पाच मजली. आमच्या गावच्या पाऊण एकराची अवस्था हुबेहूब अशीच आहे. तिथे टाचणी तेवढी नाही.

आता जात ठरवायची कशी? इथे मला शब्द जपून वापरावे लागतील, कारण हा अंक घरातली मुलंही वाचतात. पुष्कळ भुंगेरे बाहेरून इतके सारखे असतात की बघणाऱ्याला सोडाच, त्यांना स्वतःलाही एकमेकांची ओळख कशी पटते असा प्रश्न पडावा. तर ती ज्या अवयवाने पटते, तोच अवयव शास्त्रज्ञही बघतात. नरांचा. कुलूप आणि किल्ली म्हणा. वाळून कोळ झालेला शंभर वर्षांचा भुंगेरा आधी कोमट पाण्यात घालून वालांसारखा मऊ करायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने तो भाग अलगद ओढून काढायचा. कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवून त्याच्याभोवतीचं मांस विरघळवायचं. उरलेली किल्ली ग्लिसरीन घातलेल्या इवल्याशा नळीत टाकायची आणि ती नळी पुन्हा त्याच टाचणीला अडकवायची, भुंगेऱ्याच्या पायाखाली, चिठ्ठ्यांच्या शेजारी. एखाद्या जीवाची अब्रू याहून उघड्यावर मांडलेली मी पाहिलेली नाही. आणि हे सगळं करणारे लोक संध्याकाळी घरी जाऊन शांतपणे जेवतात.

किल्ली जुळली नाही, म्हणजे नवी जात. आजवरच्या कुठल्याच घरात बसत नाही, म्हणजे नवं प्रजातीचं घर. डार्विनच्या भुंगेऱ्याच्या वाट्याला दोन्ही आलं. प्रजातीचं नाव डार्विनिलस. आडनाव असं मोठ्या घराण्यातलं मिळाल्यावर पुढचं नाव कुणाचं ठेवलं असेल? डेव्हिड सेडारिस या अमेरिकन विनोदी लेखकाचं! डार्विनिलस सेडारिसी. कारण सरळ आहे. भुंगेऱ्यांवर काम करताना तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावं लागतं, डोळा गुंतलेला असला तरी कान मोकळे असतात, आणि चॅट्झिमानोलिस त्या कानांनी सेडारिसची ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकत. नाव जाहीर केलं १२ फेब्रुवारी २०१४ ला, डार्विनच्या वाढदिवशी.

हे वाचून मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला मत्सर वाटला. मीही विनोदी लिहितो. माझं लिखाण ऐकत कुणी काही काम करत असेल, तर ते बहुधा आमच्या बायकोचं मटार सोलणं, आणि तीही मधेच “पुढे?” असं विचारते ते वाटाण्यांकडे बघून. आपल्याकडे लेखकाचं नाव फार तर चौकाला देतात, तेही तो गेल्यावर, आणि त्या फलकावर लेखकाच्या नावापेक्षा ‘संकल्पना’ या शब्दापुढचं नगरसेवकाचं नाव दुप्पट मोठं असतं. चौक पुढे रुंदीकरणात जातो. भुंगेऱ्याचं नाव कशातच जात नाही. स्वतःच स्वतःचं नाव जातीला द्यायला नियमांची तशी बंदी नाही, पण ते शिष्टसंमत मानत नाहीत. तेव्हा तोही मार्ग बंद.

नाव कशातच जात नाही, हे मी उगाच म्हटलेलं नाही. प्राण्यांच्या नावांचा एक आंतरराष्ट्रीय कायदा आहे आणि तो आपल्या नामांतरवाद्यांनी एकदा तरी वाचावा असा आहे. पहिलं कलम मुदतीचं. मुंबईत झोपडी अधिकृत ठरायला जशी एक तारीख असते, तशी इथे १ जानेवारी १७५८. त्या साली लिनिअसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. त्याआधी कुणी कितीही सुंदर नाव ठेवलेलं असो, ग्राह्य नाही. फरक असा, की मुंबईची तारीख १९९५ ची २००० होते, इथली निवडणुका आल्या तरी जागची हलत नाही.

दुसरं कलम त्याहून कडक. एकाच जातीला दोघांनी दोन नावं दिल्याचं उघड झालं, तर जुनं नाव टिकतं. नवं नाव कितीही रूढ झालेलं असलं तरी ते सहसा समानार्थी म्हणून खाली यादीत जातं. हे समजायला आपल्या बोरीबंदराइतकं सोपं उदाहरण नाही. १८५३ मध्ये पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहून. १८८७ मध्ये नवी इमारत झाली ती व्हिक्टोरिया टर्मिनस. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ मध्ये त्यात महाराज आले. आणि टॅक्सीवाला अजून “व्हीटी?” म्हणूनच विचारतो. हे स्टेशन भुंगेरा असतं, तर कायद्याने त्याचं नाव बोरीबंदर राहिलं असतं आणि बाकीची सगळी यादीत गेली असती. माझा या वादात कुठलाही पक्ष नाही, हे संपादकांच्या आग्रहावरून इथेच नमूद करतो.

या कडकपणाची किंमत एका बिचाऱ्याने मोजलीय. स्लोव्हेनियाच्या गुहांत एक तपकिरी, आंधळा भुंगेरा राहतो. काळोखात डोळ्यांचं काम नाही म्हणून डोळेच नाहीत. ऑस्कर शायबेल या हौशी संग्राहकाने १९३७ मध्ये त्याला नाव दिलं अॅनॉफ्थॅल्मस हिटलरी. आदराने! पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे, पण नाव काही बदलता येत नाही, कारण नाव अप्रिय झालं हे ते बदलण्याचं कारण कायद्यात बसत नाही. वर हिटलरच्या वस्तू जमवणारे लोक हा भुंगेरा पकडायला गुहांत शिरतात. ज्याला आयुष्यात काही दिसलं नाही, त्याला हेही दिसत नसणार, एवढंच समाधान.

पण नाव अगदीच बदलत नाही असंही नाही. बदलतं, आणि ज्या रीतीने बदलतं ती बघून मला कायदा करणाऱ्या मंडळींत एखादी देशस्थ आत्या असावी असा संशय आहे. समजा, एखादी जात आजवर एका प्रजातीत होती. नव्याने तपासल्यावर लक्षात आलं, की ती दुसऱ्या घरातली. मग तिचं आडनाव बदलतं. पहिलं नाव राहतं, पण मूळ नाव ठेवणाऱ्याला आता कंसात जावं लागतं. आपल्या उसाला आणि भुईमुगाला लागणारी हुमणी घ्या. शेतीखात्याच्या पत्रकात तिचं नाव होलोट्रिकिया सेराटा असं छापतात. फॅब्रिशिअस या डॅनिश पंडिताने १७८१ मध्ये तिला नाव दिलं तेव्हा ती मेलोलोन्था घरची होती. आता ती होलोट्रिकियांकडे दिलेली, म्हणून पुढे (फॅब्रिशिअस, १७८१) असं कंसात लिहायचं. तो कंस म्हणजे माहेर. जिच्या नावाला कंस नाही ती जात अजून जन्मघरीच आहे, हे जाणकार एका नजरेत ओळखतो, मंगळसूत्र बघून ओळखावं तसं.

एवढ्यावर भागत नाही. घर बदललं की काही वेळा पहिल्या नावाचं शेपूटही बदलतं, म्हणजे ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचा तो विधीच. लॅटिनमध्ये घराला लिंग असतं आणि नाव विशेषण असेल तर त्याने घराचं लिंग धरायचं. युरोपातल्या एका सोनेरी-हिरव्या भुंगेऱ्याला लिनिअसने स्काराबेअस ऑराटस म्हटलं. पुल्लिंगी घर, पुल्लिंगी सोनेरी. पुढे तो सेटोनिया या स्त्रीलिंगी घरात गेला, तशी त्याची सेटोनिया ऑराटा झाली. भुंगेऱ्याने यात काहीही केलेलं नाही. तो टाचणीवर होता तिथेच आहे. इंग्लिश माणसाला हे नियम पाठ करावे लागतात म्हणे. ज्याला तो चहा, ती कॉफी आणि ते दूध जन्मापासून येतं, त्या मराठी माणसाला यात नवीन काय? मला तर वाटतं, जागतिक भुंगेरा-नामकरणात आपल्या मुलांना मोठा वाव आहे. पालकांनी इंजिनिअरिंगच्या आधी याचा विचार करावा.

आणि गमतीही चालतात. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या सडपातळ भुंगेऱ्यांच्या एका प्रजातीचं नाव ‘आग्रा’ आहे. टेरी अर्विन या शास्त्रज्ञाने त्यातल्या एकाला नाव दिलं श्वार्झनेगरी, कारण त्यातल्या नराच्या मधल्या पायांच्या मांड्या त्या पिळदार नटाला शोभतील अशा फुगीर आहेत. पाचशेंहून अधिक जाती त्या आग्र्यात दाखल झालेल्या आहेत, आणि पेटाऱ्यात बसून सुटलेला अजून एकही नाही.

हे असे पेटारे लंडनमध्ये किती असतील! आपल्या इकडचेही त्यांत आहेत. माल्कम कॅमेरॉन नावाच्या नौदलातल्या डॉक्टरने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या आखूड बंडीवाल्यांवरच १९३० ते १९३९ या काळात खंडामागून खंड लिहिले. देशात कायदेभंग चालू होता, गोलमेज परिषदा भरत होत्या, आणि हे गृहस्थ भुंगेऱ्यांची पोटं मोजत होते. नाव ज्या एका नगावरून ठेवलं जातं तो नग जपून ठेवतात, त्याला लाल चिठ्ठी लावतात, आणि पुढे शंका आली की जगाने त्याच्याकडेच यायचं. इथल्या कितीतरी जातींचे ते मूळ नग तिकडे आहेत. कोहिनूर परत द्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. भुंगेरे परत द्या म्हणून मोर्चा निघालेला मी तरी पाहिलेला नाही.

त्याच लंडनच्या संग्रहात आणखी एक नग होता. १९६४-६५ मध्ये विल्यम ब्लॉक यांनी नैरोबीला माती आणि पाचोळा चाळला, त्यात मिळालेला. लांबी ०.७९ मिलिमीटर. डोळे नाहीत, पंख नाहीत. २०१९ मध्ये मायकेल डार्बी यांनी त्याला नाव दिलं नेलोप्टोडिस ग्रेटी, त्या स्वीडिश मुलीच्या, ग्रेटा थुनबर्गच्या नावावरून. लांब मिशांकडे बघून तिच्या वेण्यांची आठवण होते म्हणतात. मी छायाचित्र पाहिलं. होते. पण पूर्णविरामापेक्षा थोड्या मोठ्या प्राण्याच्या वेण्या बघायला अर्धशतकाने कुणीतरी बसलं, हे मला ग्रेटाच्या भाषणांइतकंच विलक्षण वाटतं.

संग्रहालयाचा सर्वांत मोठा शत्रू कोण असेल? चोर नव्हे, सरकारही नव्हे. भुंगेराच. एक बारका, ठिपक्याठिपक्यांचा भुंगेरा आहे, वाळलेले कीटक खाऊन जगणारा. त्याची अळी पेटीत शिरली तर काही महिन्यांत टाचणी, चिठ्ठ्या आणि चिमूटभर भुकटी उरते. म्हणजे सातबारा शिल्लक आणि जमीन गायब. लिनिअसने त्याला नाव दिलं म्युझिओरम, संग्रहालयांचा. त्याच्यासाठी जगभरच्या पेट्यांत पिढ्यान् पिढ्या डांबराच्या गोळ्या ठेवत आले. म्हणजे लंडनच्या त्या पेट्यांना आमच्या आईच्या ट्रंकेचाच वास येत असणार, शालू, स्वेटर आणि थोडं गुदमरणं.

सेडारिसीचा दुसरा नग बर्लिनच्या संग्रहालयात सापडला. अर्जेंटिनातल्याच रिओ क्वार्तो गावचा, १९३५ च्या आधीचा. बस, दोनच. त्यानंतर बारशापर्यंत तो कुणाला दिसलेला नव्हता. त्या भागातली पुष्कळशी जमीन नांगराखाली गेलीय. त्याचं बारसं झालं तेव्हा तो उरलाय की नाही हेच सांगता येत नव्हतं.

हे सगळं वाचून झालं त्याच आठवड्यात पहिला पाऊस पडला. आमच्या घरासमोर कडुनिंब आहे. अंधार पडल्यावर गॅलरीतल्या दिव्यावर तपकिरी, जाडसर भुंगेरे आदळायला लागले, टप टप. लहानपणी काडेपेटीत बाभळीचा पाला घालून मी सोनकिडा पाळला होता, त्याची आठवण झाली. (आईने ती काडेपेटी गॅस पेटवायला उघडली आणि मग मला बडवलं. ‘असू दे’ हा नियम जिवंत वस्तूंना लागू नव्हता.) फरशीवर एक मेलेला पडलेला होता. मी तो चिमट्याने उचलला, काडेपेटीत कापसावर ठेवला आणि चिठ्ठी लिहिली: ‘आमची गॅलरी. १२ जून. संकलक: मी. बहुधा हुमणी.’ डांबराची गोळी आत बसेना म्हणून शेजारी ठेवली. पेटी फ्रीजवर ठेवून झोपलो.

सकाळी पेटीत पहिल्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी होती. वाण्याच्या यादीच्या कागदाचा तुकडा, ओळखीचं अक्षर: ‘झुरळ. टाकून द्या.’ खाली तारीख.

मी ती फाडणार होतो. पण ती स्वच्छ अक्षरात होती, तारखेसह होती आणि ओळख पटवणारीचा अधिकार घरात कुणी नाकारलेला नव्हता. नियमाप्रमाणे तिसरी चिठ्ठी लिहून मी तिच्याखाली ठेवली: ‘झुरळ नव्हे. पंखांची झाकणं कडक आहेत.’ संध्याकाळी चौथी आली: ‘मग फ्रीजवर का?’

स्टूल घेतलं आणि पेटी माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात टाकली.